पाच पदांची बेरीज

मुलीने वहीचं पान टर्रकन फाडलं आणि लॅबच्या बाईंच्या टेबलावर आपटलं.

"एक, तीन, पाच, सात, नऊ. मॅडम, तुम्हीच सांगा, किती झाले?"

बाई निकालाचा तक्ता छापत होत्या. त्यांनी पानाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"मशीनचं काय वैर आहे तुझ्याशी? पुढच्या वर्षी नीट अभ्यास करून ये."

"पंचवीस झाले. माझा प्रोग्रॅम पंचवीसच सांगतो. तुमचा खवीस त्याला चूक म्हणतो. मग त्याचं उत्तर काय आहे ते दाखवा ना!"

खवीस म्हणजे तपासणीचा प्रोग्रॅम, नाव पोरांनी ठेवलेलं. विभागप्रमुख सरांनी तो अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि ते तसं दर भाषणात सांगत. प्रात्यक्षिक परीक्षेतला पहिला प्रश्न दरवर्षी तोच असे: पहिलं पद, दोन पदांमधला फरक आणि पदांची संख्या घेऊन अंकगणिती श्रेढीची बेरीज करणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहा. मुलांचं उत्तर खविसापुढे टाकलं की तो आतल्या आत आकडे घालून ताडून बघे आणि 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच बोले. कुठे चुकलं ते सांगायची त्याला सवय नव्हती. सरांनाही नव्हती. आणि हा एक प्रश्न चुकला की परीक्षा गेली, वर्ष गेलं.

"आवाज खाली," बाई म्हणाल्या.

"नाही करणार खाली. माझ्या शेजारणीने सरांच्या वहीतलं सूत्र जसंच्या तसं उतरवलं, ती पास. मी एकेक पद मिळवत गेले, मी नापास. ही कुठली रीत?"

असाच आवाज बाईंनी दोन वर्षांपूर्वी याच टेबलासमोर ऐकला होता. तो त्यांच्या स्वतःच्या मुलीचा होता. तिलाही त्यांनी मशीनच्या वैराचं हेच ऐकवलं होतं, चारचौघांत, वर दंडाला धरून सरांच्या खोलीत नेऊन माफी मागायला लावली होती. मुलीने माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात पाऊल टाकलं नाही. आता ती एका चष्म्याच्या दुकानात काम करते. आईशी बोलते, पण भाजी काय आणू आणि किल्ली कुठे ठेवली, एवढंच.

बाईंनी पान ओढून घेतलं, निदान ही पोर तरी गप्प बसावी म्हणून. एक नि तीन चार, चार नि पाच नऊ, नऊ नि सात सोळा, सोळा नि नऊ पंचवीस. त्यांनी पुन्हा मोजलं, या वेळी बोटांवर. अठरा वर्षं त्या लॅबमध्ये होत्या. कीबोर्डांतली धूळ काढता काढता, वायरी जोडता जोडता निम्मी सी भाषा त्यांच्या कानावरून गेली होती. खविसाचा पासवर्डही त्यांच्याकडे होता, कारण दरवर्षी त्याला चालू करायचं काम त्यांचंच. आत डोकावून बघावं असं मात्र त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. सरांचं काम, त्यात काय बघायचं?

त्यांनी फाइल उघडली. मुलगी खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

बेरीज एकाच ओळीत होती. सरांच्या वहीतलं सूत्र, शब्दाला शब्द: पदांची संख्या भागिले दोन, गुणिले कंसातलं बाकीचं.

"थांबा मॅडम," मुलगी म्हणाली. "पदं पाच. पाच भागिले दोन."

"अडीच."

"कागदावर अडीच. पण दोन्ही पूर्णांक आहेत ना? सी त्यातला अर्धा टाकून देते. उरले दोन. दोन गुणिले कंसातले दहा, वीस. बघा, वीसच धरलेत यात! पदं चार किंवा सहा असली की उत्तर जुळतं. विषम आली की बोंबललं."

म्हणजे ज्यांनी डोळे मिटून सरांचं सूत्र उतरवलं, त्यांचं उत्तर सरांसारखंच चुकलं आणि ते पास झाले. ज्यांनी स्वतःचं डोकं चालवलं, ते गेले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी ती ओळ छापली, मुलीचं पान सोबत घेतलं आणि सरांच्या खोलीत शिरल्या. दार वाजवलं नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

सरांनी कागद वाचला. समजायला त्यांना निमिषही लागला नाही, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यावरून ते दिसलं. मग त्यांनी कागद पालथा ठेवला.

"यंदा किती जण गेलेत यात?"

"तीन."

"तिघांचे गुण हाताने भरून टाका. सूत्र मी सुट्टीत दुरुस्त करतो."

"आणि आधीचे? दरवर्षी तीन धरले तरी अकरा वर्षांत..."

"बाई, बेरजा करत बसू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय? संस्थेचं नाव जाईल."

"माझ्या मुलीचं वर्ष गेलं, सर."

"हो, आठवतंय मला. चांगली आहे हो मुलगी. तिने माफी मागितली होती, मीही मनात ठेवलं नाही. तो विषय तिथेच मिटला."

बाईंना वाटलं, हा पालथा कागद उचलावा आणि याच्या तोंडावर फेकावा. अठरा वर्षं या माणसाला 'हो सर' म्हटल्याचा त्यांना संताप आला. आपल्या चुकीचं ओझं पोरांच्या डोक्यावर टाकायचं आणि वर माफीही पोरांकडूनच घ्यायची.

"तिने मागितली नव्हती," त्या म्हणाल्या. आवाज खाली गेला नाही. "मी मागायला लावली होती. तुमच्यावर विश्वास होता म्हणून."

"तक्त्यावर सही करा आणि पाठवून द्या. चार वाजत आले."

"नाही करणार."

"नोकरीला अजून सहा वर्षं आहेत तुमच्या. विचार करा."

बाईंनी कागद उचलला आणि बाहेर आल्या. सूचनाफलकावर टाचण्या कमी होत्या. त्यांनी सरांच्या सत्काराच्या बातमीची एक टाचणी काढली, ती ओळ लावली, खाली पाच आकडे मोठ्या अक्षरांत लिहिले, पंचवीस लिहिले, खविसाचे वीस लिहिले आणि आपली सही केली. जिन्यावरची पोरं थांबून वाचू लागली. ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

बाईंनी फोन लावला. पलीकडे दुकानाची गडबड होती.

"काय गं आई? या वेळेला?"

"तुझा प्रोग्रॅम बरोबर होता."

बाई घाईघाईने बोलत गेल्या. "सरांचंच चुकलं होतं. पाच भागिले दोन केलं की सी त्यातला..."

"अर्धा टाकून देते. माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. पाच पदं हातानेच मांडली होती मी. कागद तुझ्यापुढे धरला होता. तू म्हणालीस, आधी सरांची माफी माग."

बाईंना कागद आठवेना. मुलीचा दंड आठवला, किती घट्ट धरला होता तोही आठवला.

"आज कसं सापडलं तुला?" मुलीने विचारलं.

"एक मुलगी आली होती. ऐकेचना. तिने आकडे लिहून दिले, मग मी बेरीज करून बघितली."

"तिची करून बघितलीस."

बाईंनी फलकावरच्या पंचवीसवरून बोट फिरवलं.

"थांब, गिऱ्हाईक आलंय," मुलगी म्हणाली.

तिने फोन काउंटरवर ठेवला असावा, बंद केला नव्हता. ती कुणाला तरी सांगत होती, ही फ्रेम हलकी आहे, नाकावर वळ उठणार नाही. तिचा तो आवाज बाईंच्या ओळखीचा नव्हता, शांत आणि मोकळा. मागून सर दोनदा हाक मारून गेले. बाई फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या.