कादियाच्या गोष्टीला ‘हां’ कोण म्हणणार

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही पुढे सरका. गोष्ट लहान आहे, तिकडे पोचेपर्यंत संपून जायची. देवाच्या दारात कोण कुठल्या वाटेनं येऊन बसेल, काही सांगता येत नाही. आफ्रिकेतल्या माली नावाच्या देशातली एक मुलगी अशीच आमच्या ठाकुर्लीच्या गावठाणात येऊन बसली आणि शेवंती गायकर नावाच्या पक्क्या मास्तरीणबाईंना तिनं उतारवयात नवा धडा दिला. तो कसा, ते सांगायचं आहे. सुखाची गोष्ट आहे, डोळ्याला पदर लावायची तयारी नको.

तर शेवंतीबाई. डोंबिवलीच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. सासरचं जुनं घर पाडून तिथे चार मजली इमारत झाली, तळमजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान दाजी राहिले, वरच्या खोल्या कल्याणच्या कॉलेजात शिकणाऱ्या परदेशी मुलांना भाड्यानं गेल्या. येमेनचे दोघे भाऊ आले, ताजिकिस्तानची निगोरा आली, मालीची कादिया आली. मुलं हुशार, पण त्यांची शाळा कुणाची अरबीत, कुणाची फ्रेंचमध्ये झालेली. इंग्रजीत सगळी लंगडी. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण हात शिवशिवत होते. त्यांनी एक दिवस जिन्यात उभं राहून सांगून टाकलं, की संध्याकाळी खाली यायचं, इंग्रजी बोलायचं आणि चहा पिऊन जायचं. भाडं खोलीचं, इंग्रजी देवाच्या नावानं.

येमेनचे भाऊ महिन्याभरात भाजीवाल्याशी इंग्रजीत घासाघीस करायला लागले. तो बिचारा मराठीत उत्तर द्यायचा, पण सौदा व्हायचा. निगोरा तर बोलताना श्वास घ्यायलाही थांबेना. राहिली कादिया.

उंच, शांत, डोक्याला रंगीत फडकं घट्ट बांधलेली. लिहायला सांगा, पान भरून बिनचूक लिहील. बोलायला उभी केली की दोन वाक्यं बोलायची, मान वर करून बाईंकडे बघायची आणि थांबायची. बाई वाट बघायच्या. तीही बघायची. मग हळूच खाली बसायची.

आणि तिला तर बोलणंच भाग होतं. कॉलेजचं तिचं पहिलं वर्ष नुसतं इंग्रजीचं. शेवटी तोंडी परीक्षा: तीन परीक्षकांसमोर बसून आपल्या गावाबद्दल, आपल्या इच्छेबद्दल बोलायचं. पास झाली तर इंजिनियरिंगची जागा पक्की. एकदा ती नापास झालेली होती, दुसऱ्यांदा झाली तर सरळ परतीचं विमान. तिच्या गावात एकच हातपंप. तो बिघडला की शहरातून माणूस येईपर्यंत तिची आई सिरा आणि बाकीच्या बाया मैलोन् मैल पाण्याला जायच्या. पोरगी पंपांचं शास्त्र शिकून येणार, असं सिरानं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

शेवंतीबाईंनी मग कंबर कसली. त्यांची शाळेतली रीत अशी, की मूल बोलत असताना शिक्षकानं चकार शब्द काढायचा नाही. मधे बोललं की मूल बिचकतं, हे त्यांचं ठाम मत. म्हणून त्या कादियासमोर हाताची घडी घालून, ओठ मिटून, मूर्तीसारख्या बसायच्या. दाजींना तर त्या वेळात बाहेर ओट्यावर धाडलेलं असायचं, कारण दाजींना गप्प बसायचं औषधच ठाऊक नव्हतं. गावातल्या भजनी मंडळात ते टाळकरी. बुवांच्या मागे उभं राहून चाल उचलण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरात टीव्हीवरची बाई बातम्या सांगायला लागली तरी हे आपले दर वाक्याला ‘हां’, ‘बराबर’, ‘मंग?’ करत बसणार.

बाई जितक्या गप्प, तितकी कादिया मुकी. परीक्षा पंधरवड्यावर आली. बाईंनी देवापुढे दिवा लावताना तिच्यासाठी साकडं घातलं आणि मनात म्हटलं, पोरीला येत नाही असं नाही, पण धीरच नाही, त्याला मी तरी काय करू.

एका दुपारी त्या बँकेतून परत आल्या तर ओट्यावरून बोलण्याचा आवाज. इंग्रजीत. भरभरून. बाई चपला हातात घेऊन दाराआडच थांबल्या.

दाजी मोड आलेले वाल सोलत बसले होते. समोर कादिया, तिच्याही हातात वाल. ती सांगत होती आपल्या आजोबांच्या गाढवाची गोष्ट. ते गाढव म्हणे बाजाराच्या दिवशी नेमकं आजारी पडायचं, आणि बाजार उठला की उड्या मारायचं. चुका होत होत्या, पण वाक्यामागून वाक्य येत होतं, हात हलत होते, गाढवाचा आवाजसुद्धा निघत होता. आणि दाजी, ज्यांना इंग्रजीतलं ‘येस’ आणि ‘टायर पंक्चर’ यापलीकडे काही येत नाही, ते दर वाक्याला मान डोलवत म्हणत होते, “येस. हां. मंग? येस.”

बाईंना हसू आलं आणि तितकाच रागही आला. आपण सहा महिने खपलो आणि पोरगी फुलली ती ह्यांच्यासमोर. पुढे होऊन त्यांनी यजमानांना विचारलं, “काय हो, कळलं काय तुम्हाला त्यातलं?”

“काय पन नाय,” दाजी वाल सोलत म्हणाले. “पन ती बोलतंय नं, मंग मी आयकतंव. आयकतंव तं सांगाया नको तिला, मास्तरीनबाय?”

बाईंनी कादियाला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, इथे जमतं ते माझ्यासमोर का जमत नाही. कादिया आधी लाजली, मग हळूहळू तिनं सांगितलं. तिच्या गावात गोष्ट सांगणारा कधी एकटा नसतो. तो एक ओळ बोलतो आणि समोरचा एकजण म्हणतो, “नामू.” म्हणजे हो, ऐकलं, पुढे सांग. मोठमोठे गाणारे कथेकरी घराण्यांच्या कथा सांगायला उभे राहतात तेव्हाही नामू म्हणणारा माणूस शेजारी असतोच. तिचे वडील घरी गोष्टी सांगत आणि नामू म्हणायची ती सिरा, तिची आई. नामू आला नाही, तर समजायचं की ऐकणाऱ्याला आपलं बोलणं पटलं नाही, आता गप्प बसावं.

“तुम्ही काहीच म्हणत नव्हता,” कादिया म्हणाली. “मला वाटलं, रागावलात. मोठ्या माणसाला राग आल्यावर बोलत राहणं वाईट.”

 शेवंतीबाई कपाळाला हात लावून इतक्या हसल्या, की समोरच्या इमारतीतली गोदूबाई गॅलरीत येऊन बघायला लागली. अहो, ज्या बाईनं लहानपणापासून एक कीर्तन चुकवलं नाही, तिला हे कळू नये? बुवा कितीही विद्वान असोत, मागे टाळकरी नसले तर कीर्तन उभं राहतं का? बुवांनी पद सोडलं आणि मागून कुणी उचललंच नाही, तर ते कितीदा एकटे म्हणतील? सहा महिने त्या पोरीला बाईंनी टाळकऱ्यांशिवाय कीर्तनाला उभं केलं होतं.

त्या संध्याकाळपासून घराचा नूरच पालटला. कादिया मधे उभी राहायची. येमेनचे भाऊ, निगोरा आणि शेवंतीबाई ओळीनं बसायचे. दाजींची ओट्यावरची हद्दपारी उठली. कादिया एक वाक्य बोलली की सगळे एका सुरात ‘येस’. चूक झाली की बाई ‘येस’च्या जागी बरोबर वाक्य हळूच म्हणायच्या, ती ते उचलायची आणि पुढे जायची. हातपंप आला, गाव आलं, गाढव तर रोज यायचं. एकदा दाजी भलत्याच जागी ‘येस’ म्हणाले आणि निगोरा खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. चहाबरोबर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी यायची; येमेनच्या धाकट्यानं भाकरी थापायला घेतली, ती मालीच्या नकाशासारखी झाली असं कादियाच म्हणाली. आणि इंग्रजीत म्हणाली.

गावात हरिनामाचा सप्ताह बसला तेव्हा बाई मुलांना घेऊन गेल्या. बुवांनी एक ओळ सोडली, टाळकऱ्यांनी उचलली, बुवांनी निरूपणाला सुरुवात करून विचारलं, “काय?” आणि बायकांच्या घोळक्यातून खणखणीत आवाज आला, “नामू.” मांडवातल्या सगळ्या माना मागे वळल्या. बुवाही थबकले. त्यांना वाटलं, कुणीतरी नाम घेतलं. त्यांनी हात जोडले आणि दुप्पट रंगले. बाईंनी बुवांना खरं काय ते नंतरही सांगितलं नाही. खोटं तरी काय होतं त्यात.

पण परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंच्या ध्यानात आलं. परीक्षक काही ‘येस’ म्हणणार नव्हते. तेही शिक्षकच, तेही हाताची घडी घालून बसणार. कादियानं कॉलेजमध्ये आधीच ही नामूची गोष्ट सांगावी की काय, असं बाईंच्या मनात आलं. पण त्यांनाच वाटलं, हसतील, पोरीला खुळी म्हणतील. म्हणून त्यांनी तिला बजावलं, “कुणाला काही सांगत बसू नकोस. बोलताना मनातल्या मनात माझा ‘येस’ ऐक, आणि पुढे जा.” कादियानं मान हलवली. दाजी म्हणाले, त्यापेक्षा मीच आत येऊन बसतंव. त्यांचं बोलणं तेव्हा थट्टेवारी नेलं.

सकाळी तिघं रिक्षानं निघाली. पत्री पुलावर नेहमीसारखी रिक्षा अडकली. कादिया बाहेर बघत पुटपुटत होती, बाई जप करत होत्या आणि दाजी रिक्षावाल्याच्या तक्रारींना ‘हां’ भरत होते.

परीक्षेच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून बाहेरच्या बाकावर आतलं ऐकू येत होतं. कादियानं नाव सांगितलं, देश सांगितला. दोन वाक्यं झाली. मग शांतता.

बाईंचा जप थांबला. त्यांना न बघताही दिसत होतं, पोरगी मान वर करून बघते आहे आणि समोर तीन मिटलेली तोंडं. मनातला ‘येस’ काही ऐकू येत नसणार. येईल कसा? तो त्यांनी तिला दिला खरा, पण असा उधार दिलेला होकार खिशात घालून कुणाला बोलता आलंय? तिला गप्प राहायला सांगून आपणच पुन्हा तिच्यासमोर ओठ मिटून बसलो, हे बाईंना त्या बाकावर कळलं. शेजारी दाजींचे ओठ हलले. बाईंनी त्यांचा हात दाबून धरला, पण आत ओरडून ‘येस’ म्हणावंसं त्यांनाच वाटत होतं.

आणि मग कादियाचा आवाज आला. सावकाश, पण स्वच्छ इंग्रजीत.

“सर, मॅडम, माझ्या देशात माणूस बोलतो तेव्हा समोरचा एकजण ‘हो’ म्हणतो. तो म्हणाला नाही, तर बोलणाऱ्यानं थांबायचं असतं, म्हणून मी थांबले. मला बोलायचं आहे. तुमच्यापैकी कुणी एक ‘येस’ म्हणाल का?”

आत खुर्ची करकरली. कुणीतरी खाकरलं. मग एक वयस्कर, घोगरा, जरासा अवघडलेला पुरुषी आवाज म्हणाला, “येस.”

कादियानं गाव सांगितलं. “येस.” हातपंप सांगितला. “येस.” पाण्याला जाणाऱ्या बाया सांगितल्या, आई सांगितली. घोगरा आवाज हळूहळू मोकळा झाला, मग त्यात परीक्षक मॅडमचा आवाज मिसळला, आणि पुढे तर त्यांच्यातलाच एकजण न राहवून म्हणाला, “येस, देन?” तेव्हा बाहेर दाजींनी हात सोडवून घेतला आणि खुशाल मांडीवर ताल धरला. आजोबांचं गाढव परीक्षेत येईल असं बाईंना वाटलं नव्हतं, पण आलं, आणि तिन्ही परीक्षक हसलेले ऐकू आले.

निकाल त्याच दुपारी सांगितला. पास. त्या घोगऱ्या आवाजाच्या सरांनी बाहेर येऊन विचारलं, हिला शिकवलं कुणी. शेवंतीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की चुका मी सुधारल्या, पण ‘येस म्हणाल का’ हे वाक्य मी शिकवलेलं नाही. मी ते बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

तिथेच जिन्याच्या कठड्याशी टेकून कादियानं घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सिरा दिसली, मागे ऊन, मागे बायांची गर्दी. कादिया आपल्या भाषेत सांगत सुटली, आणि प्रत्येक वाक्याला पलीकडून आईचं उत्तर यायचं, “नामू.” कादिया रडत नव्हती, पण सिराचा ‘नामू’ भिजत चालला होता. दाजींनी फोनमध्ये डोकं घातलं आणि तेही म्हणाले, “नामू.” सिरा हसली. भाषा एकीची दुसऱ्याला येत नव्हती. चाललं.

कादिया आता इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत गोदूबाईच्या पाण्याचा पंप तिनं उघडला, चालूही केला, तो वेगळा विषय. गोष्ट झाली. एवढंच मागणं आहे: आज निजण्याआधी देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांबरोबर लांबच्या त्या सिराचंही नाव घ्या. लेक परमुलखात, नवरा कधीच गेलेला, संध्याकाळी तिच्या अंगणात आता गोष्ट सांगणारं कुणी नसतं. तिची आठवण असू द्या.