टोपलीखालची सावली

मामांनी कपाटाचा सपाट खण ओढला, वरचा प्रिंट दोन्ही तळव्यांवर उचलून खिडकीशी नेला, आणि त्यांच्या मनात पहिला संशय आला तो छपाईच्या यंत्राचा. नळी तुंबली असणार. तपकिरी शाई आलीच नसेल आणि नुसती निळसर राखाडी कागदावर उतरली असेल. नाहीतर मिठागराचा फोटो असा दिसेल कशाला? मिठाचे ढीग साबणाच्या फेसासारखे, आभाळ धुवून धुवून विटलेल्या चादरीसारखं, आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईचा चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा.

त्यांनी खालचा प्रिंट काढला. तोही तसाच. त्याच्याखालचाही.

उजव्या डोळ्याची पट्टी कालच निघाली होती. "मोतीबिंदू चांगलाच पिकला होता, इतकी वर्षं काढलीत कशी?" असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पुढे हेही म्हणाल्या होत्या की काही दिवस सगळं जरा निळसर वाटेल, घाबरू नका, डावा डोळा पुढच्या महिन्यात करू. मामांना ते आठवलं आणि हायसं वाटलं. पण खात्री करायला म्हणून त्यांनी भिंतीवरच्या जुन्या प्रिंटकडे पाहिलं. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी अंधाऱ्या खोलीत धुतलेला, तरुणपणीचा. त्यात सगळं जागच्या जागी होतं. काळा काळा होता, पांढरा पांढरा.

मग त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि नुसत्या डाव्या, जुन्या डोळ्याने हातातल्या मिठागराकडे पाहिलं. मीठ ऊबदार झालं. आभाळाला अंग आलं. टोपलीखालची बाई ओळखीची वाटू लागली. हा प्रिंट त्यांनी पास केला होता तो असा होता. तळवा काढला, पुन्हा पीठ.

मामा स्टुलावर बसले. यंत्र ठीक होतं. बिघाड त्यांच्यात होता, आणि तो आजचा नव्हता.

फोटोचा जुना कागद बाजारातून नाहीसा झाला तेव्हा हे शाईचं यंत्र घरात आणलं ते भाचीने. भाची म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. फ्रॉकात होती तेव्हापासून लाल दिव्याखाली त्यांच्या कोपराशी उभी राहून शिकलेली. मामांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. शाईचा फवारा मारून आणलेला काळा, तो कसला काळा? मग तिने काजळीपासून केलेली शाई मागवली आणि जाड सुती कागदावर नमुन्याची एक पट्टी छापून त्यांच्यापुढे ठेवली. मामांनी ती उचलून खिडकीशी नेली होती. निव्वळ काजळीची शाई कागदावर तपकिरी उमटते. तिला काळ्यावर आणायचं तर निळसर राखाडी किती मिसळायची, कुठल्या कागदावर ती किती पालटते, यात दोघांनी कित्येक महिने घातले. घरभर पट्ट्या वाळत असायच्या. मामी म्हणायची, "आता तेवढी माझ्या कणकेची पट्टी छापून बघा." भाची येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "यंत्र माझं, नजर मामाची."

ती नजर. अलीकडच्या वर्षांत मामा सारखे म्हणत असत, हा कागद पिवळा आहे, सावल्या बुजल्यात, बाईचा चेहरा दिसत नाही, अजून उजळ कर. भाची "बरं" म्हणायची. दुसऱ्या दिवशी नवा प्रिंट आणायची, आणखी पांढऱ्या कागदावर, आणखी निळ्या शाईत. मामा तो डोळ्यांजवळ धरून मान हलवायचे. "आता जमलं."

आणि हे असलं पीठ आता प्रदर्शनाच्या दालनात टांगलेलं होतं. उद्घाटनाला मामा गेले होते, पण गर्दी होती, दिवे डोळ्यांवर येत होते, आणि प्रत्येक जण येऊन हात हातात घेत होता. लोक तोंडावर गोड बोलले असणार. म्हातारा आहे, नाव आहे, कशाला दुखवा.

मामांनी चपला घातल्या. मामीने कुठे निघालात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अब्रू उतरवायला. भिंतीवरून."

दालन उघडून थोडाच वेळ झाला होता. बघायला कुणी नव्हतं. दालनवाले गृहस्थ पायपुसणं सरळ करत होते. मामांना पाहून लगबगीने पुढे आले. पट्टी निघालेली पाहून अभिनंदन करू लागले. मामा म्हणाले, "सगळे प्रिंट खाली काढायचेत. आत्ता." आणि उत्तराची वाट न पाहता पहिल्या भिंतीशी गेले.

तिथे ते थांबले.

मीठ पांढरं होतं, पण त्या पांढऱ्यात किती पांढरे होते! ओल्या मिठाचा, वाळलेल्या मिठाचा, काल ओढून ठेवलेल्या ढिगाच्या कडेचा. आभाळ जड होतं. आणि टोपलीखालच्या सावलीत, जिथे ते इतकी वर्षं उजेड मागत होते, तिथे उजेड नव्हताच. तिथे दाट, मऊ, ऊबदार काळा होता. त्या काळ्यात जरा वेळ थांबलं की बाईचे डोळे वर येत होते, मग ओठ, मग हनुवटीवरून निथळलेला घाम. फार पूर्वी, नजर धड असताना फोटो काढला तेव्हा मामांनी ती बाई अशीच पाहिली होती. त्यानंतर आज.

त्यांना आनंद झाला हे खोटं नाही. एखादा माणूस गेला असं कळावं आणि तो दारात उभा दिसावा, तसा आनंद झाला. तो फार टिकला नाही. त्यांनी दुसरा प्रिंट पाहिला, तिसरा, साऱ्या भिंती पाहिल्या. यातला एकही त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

"काढायचे म्हणालात," दालनवाले चाचरत म्हणाले. "काही चुकलं का? लोक तर येऊन प्रिंटांबद्दलच विचारतात. कागद कुठला, शाई कुठली. मी भाचीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मामाला विचारा, कागदाच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही."

"असं म्हणाली?"

"हसत म्हणाल्या."

मामांनी टोपलीवाल्या बाईची चौकट उतरवून मागची बाजू दाखवायला सांगितली. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्यांची सही होती. अस्सल. ती कशी आली हेही त्यांना तिथल्या तिथे उमगलं. भाची पास झालेले प्रिंट गठ्ठ्याने आणायची, मध्ये पातळ कागद घातलेले, पालथे. "मागून सही कर, मामा, पुढे बोटं लागतील." प्रिंटाला बोट लावू नये हे तिला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं.

"हा मी घरी नेतो," मामा म्हणाले. "बाकीचे राहू देत."

घरी मामी जेवायची थांबली होती. मामांनी प्रिंट टेबलावर उभा केला आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

मामीने प्रिंटकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. भांड्यावर झाकण ठेवलं.

"कागदातलं मला काही कळत नाही," ती म्हणाली. "तुमचं दिसणं कमी झालंय ते कळत होतं. सुई ओवायला मला हाक मारायचात, जिना उतरताना पायाने पायरी चाचपायचात. ती एकदा माझ्यापाशी रडली. तेव्हा बाकीचंही कळलं."

"आणि तू गप्प बसलीस."

"मग काय करणार होते? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, ते आम्हा दोघींना माहीत होतं."

'आम्हा दोघींना' हे शब्द मामांच्या कानात राहिले. ते न जेवता मागच्या खोलीत गेले.

दुपारी भाची आली. नेहमीसारखी पिशवी खुंटीला अडकवून ती हात धुवायला वळली आणि टेबलाजवळ थबकली. टेबलावर दोन बाया शेजारी शेजारी होत्या, खणातली आणि दालनातली. मामा स्टुलावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

तिने ओले नसलेले हात ओढणीला पुसले. "मिठागराच्या प्रिंटांच्या आधीपासून. घाटावरच्या प्रदर्शनापासून."

"म्हणजे सगळंच."

"सगळं नाही. फोटो तूच काढलेस."

"सख्ख्या मामाला मामा बनवलंस की गं," मामा म्हणाले. त्यात विनोद होता, पण हसू कुणाच्याच ओठावर आलं नाही. "मी माझी मान हलवत बसलोय, आता जमलं, आता जमलं. आणि तू माझ्यासाठी वेगळं ताट वाढतेस. पथ्याचं."

"मी तुला एकदा सांगितलं होतं. डोळे दाखवून घे म्हणून. आठवतं?"

मामांना आठवत होतं. तेव्हा ते म्हणाले होते, ज्या दिवशी माझी नजर गेली म्हणशील त्या दिवशी कॅमेरा विकून टाकीन आणि ही खोली भाड्याने देईन. त्यानंतर पावसाळाभर त्यांनी तिच्याशी कामापुरतंही धड बोलणं ठेवलं नव्हतं.

"पुन्हा सांगायचं."

"हिंमत झाली नाही." ती खाली बघत होती. "आधी वाटलं, एवढ्या एका प्रदर्शनापुरतं करू. तुला हवा तसा एक, आणि बाहेर जाईल तो नीट. मग लोकांना आवडायला लागलं. मग थांबता येईना. मला काम बंद पडायला नको होतं, मामा."

"कुणाचं काम?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं. तिचा स्टँड लागेना, पुन्हा पुन्हा खडखडत होता.

"खाल्ल्या मिठाला जागलीस असं म्हणू की नाही म्हणू, मला ठरवता येत नाही," मामा म्हणाले. "काही दिवस येऊ नकोस."

तिने पिशवी घेतली. जाताना स्वयंपाकघरात डोकावली नाही, हे मामीच्या लक्षात आलं आणि मामांच्याही.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी स्वतः यंत्र सुरू केलं. आता नजर होती, दुसऱ्याची गरज नव्हती. तीच टोपलीवाली बाई घेतली, आणि ठरवलं की भाचीने केलं त्यातलं काहीएक करायचं नाही. तिने मॅट सुती कागद घेतला होता. मामांनी चकाकी असलेला, जुन्या अंधाऱ्या खोलीतल्या कागदाची आठवण देणारा काढला. काळा विहिरीसारखा खोल आला, पण मीठ काचेसारखं लकाकू लागलं. ऊन मिठावर न पडता कागदावर पडल्यासारखं. दुसरा कागद घेतला, खरबरीत पोताचा. त्यात बाईच्या गालाला देवीचे व्रण उठले. शाईत निळं वाढवलं, तर आभाळ सुंदर आणि बाई मेलेली. निळं कमी केलं. आणखी कमी केलं.

पट्ट्या टेबलावर रांगेने वाळत पडल्या. मामी जेवायला हाक मारायची, मामा "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. टोपलीखालचा चेहरा त्यांनी एकदा उजळवूनही पाहिला, हट्टाने. जरा उजळला की चेहरा दिसायचा आणि बाई जायची. त्यांनी तो पुन्हा सावलीत नेला. मग चकाकीचा कागद बाजूला सारून नुसता ताडून बघायला म्हणून सुती कागदाचं एक पान यंत्रात घातलं.

पान बाहेर आलं. वाळेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे पाठ केली. मग ते दालनातून आणलेल्या प्रिंटशेजारी ठेवून दोन्ही बायांच्या हनुवट्या पाहिल्या, मिठाच्या कडा पाहिल्या, सावली पाहिली. पुन्हा पाहिली. भिंगही काढलं, फरक काही सापडेना. नंतर भिंग ठेवून ते खिडकीबाहेर बघत बसले.

भाची आली ती त्याच सुमारास, न कळवता. दारातच उभी राहिली. "माझा चष्मा राहिलाय इथे," म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता. मामांनी आपला नवा प्रिंट पालथा घातला, जरा घाईनेच.

"तू स्वतः छापतोयस असं मामी म्हणाली."

"हं."

"जमलं?"

"जमतंय. वेगळं आलंय," मामा म्हणाले. "तुझ्यासारखं नाही."

"बरं झालं."

ती टेबलाकडे आली नाही. पट्ट्यांच्या रांगेवर तिची नजर गेली असेल किंवा नसेल. मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने मामीशी दोन शब्द बोलून येते म्हटलं, दाराकडे वळली, आणि सवयीनेच, पूर्वी घरी जाताना रोज करायची तसं, यंत्राच्या काचेत वाकून शायांच्या पातळ्या पाहिल्या. निळसर राखाडी जवळपास भरलेली होती.

ती सरळ झाली. तिने लगेच मागे पाहिलं नाही.

"तपकिरी संपत आलीय, मामा."

पालथ्या प्रिंटवर मामांचा हात तसाच होता.

"हो," ते म्हणाले. "दिसतंय मला."