रिकाम्या शेडचा आवाज

जालन्यात लोखंडाच्या आवाजाला वैतागून लोक घरं बदलतात. आकांक्षाने त्याच आवाजाचा अल्बम करायला घेतला. शब्द नाहीत, चाल नाही, नुसती मशीनची धडधड आणि कॉम्प्युटरची गुरगुर. शेजारच्या गोजरबाईंनी मिक्सर बिघडलाय का म्हणून दोनदा विचारलं होतं. पण अल्बममधली पहिली दोन गाणी तिने इंटरनेटवर सुटी सोडली, तर ती पार जर्मनीत ऐकली गेली. तिसरं शुक्रवारी सोडायचं होतं आणि तिथेच घोडं अडलं होतं.

तिसऱ्या गाण्याच्या तळाशी तिला शांतता हवी होती. लोखंडी सळया काढणारी रोलिंग मिल वर्षातून एकदाच गप्प होते, खंडेनवमीला. मशीनला झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडून कामगार घरी गेले. उरले वॉचमन बद्रीनाथ आणि ती. मेन स्विच बंद होता. भर दुपारी तिने रिकाम्या शेडमध्ये वीस मिनिटं रेकॉर्डर ठेवला.

घरी येऊन ऐकलं तर शांततेत ठोके. लोखंडावर लोखंड. टण, टण आणि तिसरा हलका. थोडी उसंत, पुन्हा तेच. तिने ते पुसले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर जागच्या जागी. तिच्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोला, ते तिला आवडलेही. अख्ख्या अल्बममध्ये इतकं जिवंत दुसरं काही नव्हतं. सोडावं की नाही, हे आता वडिलांनाच विचारायचं तिने ठरवलं.

भागवतनी त्याच मिलमध्ये वीस वर्षं काढली होती आणि कान तिथेच ठेवून आले होते. लेकीची गाणी ते स्पीकरवर तळवा ठेवून ऐकत. आजही तसाच ठेवला आणि झटका बसावा तसा उचलला.

"हे कोन वाजवून राह्यलं?"

"कोणीच नाही. मिल बंद होती," तिने मोबाइलवर लिहून दाखवलं.

"तिसरा हलका हाय. कडूबाचा अंगठा भाजल्ता. तिसऱ्या ठोक्याला त्याचा चिमटा सैल पडायचा."

कडूबा म्हणजे वडिलांचा जोडीदार, अकरा वर्षांपूर्वी मशीनमध्ये सापडून गेलेला. एवढंच तिला ठाऊक होतं. बाकीचं त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं. मिलमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सळई धरायचा चिमटा खांबावर आपटून बोलायचं. तीन ठोके म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू कर. ऐकणाऱ्याने उलट एक ठोका द्यायचा, ऐकलं म्हणून.

"सळई अडकल्ती. तो काढाया वाकल्ता, मी स्विचवर. त्यानं तीन दिले असतील गं, मशीन चालूच राह्यली. माझे कान दोन वर्षं आधीच गेल्ते. सांगितलं असतं तर काम गेलं असतं. मंग मी समद्यांना सांगितलं, त्यानं ठोका दिलाच न्हाई."

आकांक्षाला वडिलांची दया आली आणि त्याच घटकेला त्यांचा रागही आला. स्पीकरमध्ये तीन ठोके पडतच होते.

भागवतनी दारामागचा जुना चिमटा काढला आणि पलंगाच्या लोखंडी पायावर एक ठोका दिला.

ठोके थांबले. अकरा वर्षांत कुणी दिलं नव्हतं ते उत्तर पोचलं असावं. तिने स्क्रीनकडे पाहिलं. फाइल कधीच संपली होती. भागवतनी पुन्हा स्पीकरवर तळवा ठेवला. तेवढ्यात दोन ठोके आले, टण, टण, दोन्ही खणखणीत.

"चालू कर म्हणतो," ते म्हणाले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

तिने लिहिलं, "मग सोडू का शुक्रवारी?"

त्यांनी वाचलं, चपला पायात सरकवल्या.

"सोड. पर त्याच्या आधी मला तीर्थपुरीला ने, कडूबाच्या उषाबाईकडं. तिला अजून वाटतं, चूक तिच्या नवऱ्याची व्हती."