बाराची सळई

सोनाराने चाळीस वर्षं गुंजभर सोन्यातली खोट नुसत्या नजरेने पकडली होती. तेव्हा घरावर मजला चढवताना लोखंडवाला आपल्याला फसवणार, हे त्याने ट्रक यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. सून इंजिनीअर, मजल्याचे नकाशे तिचेच. पण ट्रक आला तेव्हा ती कामावर होती.

सळईवरचा ‘५००’ हा छाप पाहून सोनाराचं डोकं फिरलं. “चांगल्या सोन्यावर नऊशे सोळा असतं. पाचशे म्हणजे निम्मी भेसळ!” मग त्याने व्हर्नियर काढला. सळईच्या अंगावरच्या उंच कडांवर धरून मोजलं, तर तेरा मिलिमीटर. “बारा सांगून तेरा? मापात नाही ते मापात नाही!” ट्रक आल्या पावली परत गेला.

लोखंडवाला धंद्यात मुरलेला. दोन दिवसांनी दुसरा माल आला. छाप ‘६००’, माप कडांवरून बरोबर बारा, केसाचाही फरक नाही. सोनाराने खुशीत माल उतरवून घेतला.

संध्याकाळी सुनेने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“बाबा, पाचशे ही शुद्धता नाही. सळई किती ताण सोसते, त्याचा आकडा तो. नकाशात मी तेच लिहिलंय. आणि कडांवरून मोजायचं नसतं, वजन करायचं असतं. बाराची सळई मीटरला आठशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम भरते.”

वजन! जन्म तराजूपुढे गेलेला माणूस खाली मान घालून उठला. दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून आणून त्याने दुकानातल्या काट्यावर ठेवला. अठ्ठ्याऐंशीच्या वर हवे होते, भरले सत्त्याहत्तर.

“अकरा ग्रॅम खाल्ले मेल्याने!” त्याने तडक फोन लावला. “पहिलाच माल पाठव!”

“शेठ, तो समोरच्या बंगल्याला गेला,” लोखंडवाला शांतपणे म्हणाला. “त्यांनी वजन करून घेतला.”

हलका माल परत गेला आणि नवा यायला तीन आठवडे लागले. तोवर समोरचा स्लॅब ओतून, भिजवून, सुकूनसुद्धा झाला. सोनार मात्र येईल त्याला सांगत होता, “बारीक लक्ष होतं म्हणून चोरी पकडली.”

“पकडली ना,” सासू सुनेला हळूच म्हणाली, “पण साव आधी घालवून.”

सून हसू दाबत नकाशात तोंड घालून बसली.