पाठीमागचा पूल

मित्रांनो, उत्तर जर्मनीतल्या एका लहानशा नदीवर, पुलाच्या तोंडाशी, साठ वर्षे जी पिवळी गोल पाटी उभी होती, ती मी. अंगावर रणगाड्याचे काळे चित्र आणि खाली टनांचा आकडा, साठ. त्याहून जड रणगाड्याने पुलावर येऊ नये, एवढेच माझे सांगणे.

मला पत्र्यातून कापले, रंगवले, खांबावर घट्ट आवळले. सगळे ठीक होते, पण माझे तोंड रस्त्याकडे आणि पूल पाठीमागे! ज्याची मी हमी देत होते तो दगडी की लोखंडी, हेही मला ठाऊक नव्हते. फार कुतूहल वाटे. पाण्याच्या आवाजावरून मी अंदाज बांधत बसे.

पूर्वी दर शरदात पश्चिमेकडच्या देशांच्या लष्करी युतीचे रणगाडे सरावाला येत. चालक मला वाचत आणि निर्धास्त पुढे जात. काय तोरा होता माझा! मग बर्लिनची भिंत पडली आणि रणगाडे यायचे थांबले. कुणीतरी माझ्या गालावर फुटबॉलचे स्टिकर चिकटवले. माझी विचारपूस करणारी एकच उरली, रस्तेदुरुस्तीवाली विब्के. दर मार्चमध्ये ती मला ब्रशने घासून काढी आणि माझ्या खांबाला टेकून सॉसेज-पाव खाई.

गेल्या मार्चमध्ये ती मला घासत असतानाच दोन गाड्या थांबल्या. एकीतून युतीचा नॉर्वेजियन कप्तान टोर्गेर उतरला. गुरुवारी त्याचे रणगाडे या पुलावरून पूर्वेकडे जायचे होते. दुसरीतून आली देशांच्या संघाची ऑस्ट्रियन अभियंता रोस्विता. रणगाड्यांच्या वाटेवरचे पूल भक्कम करायचे काम संघाने घेतले होते आणि या पुलाची तपासणी तिने केली होती. त्याचा देश संघात नाही, तिचा युतीत नाही, म्हणून एकाचे कागद दुसऱ्याला दाखवायची परवानगी नाही.

"तुमचे रणगाडे किती जड?" रोस्विताने विचारले.

"ते गुप्त आहे, बाई. पूल किती पेलेल?"

"अहवालही गुप्त आहे, कप्तान."

दोघे आपापली फाइल छातीशी धरून उभे राहिले.

विब्केने ब्रश बादलीत आपटला. "झालं? अहो, शाळेची बस जाते इथून, आणि तुम्ही लपाछपी खेळताय!"

"नियम आहेत हो," कप्तान ओशाळला. "आणि पाटीवर साठ लिहिलंय की. आम्ही त्याच्या आत आहोत."

"लिहिलंय ना, मीच घासते ती! पण पुरानंतर हा पूल कण्हतो, तेही मीच ऐकते. आकडा सांगू नका कुणी, नुसती मान हलवा. कप्तानसाहेब, गावातला दुधाचा भरलेला टँकर पाहिलात? तुमचा रणगाडा त्याहून जड?"

कप्तानाने आभाळाकडे पाहिले, घसा खाकरला आणि होकारार्थी मान हलवली.

"बाई, त्या टँकरहून जड काही हा पूल पेलेल?"

रोस्विताने माझ्याकडे पाहिले. मग नकारार्थी मान हलवली.

कप्तानाचा चेहरा उतरला. "माझी तीस पोरं आहेत त्या रणगाड्यांत," तो हळूच म्हणाला. त्याने तिथूनच फोन करून रणगाडे लांबच्या रस्त्याने वळवले.

"म्हणजे ही बया खोटं बोलत होती तर!" विब्के म्हणाली आणि तिने माझ्या तोंडावर लाल चिकटपट्टीची फुली मारली.

मित्रांनो, मला फार लागले ते. मी जाणूनबुजून खोटे बोलले नव्हते. साठ वर्षांपूर्वी मला जे सांगितले, तेवढेच मी सांगत राहिले.

विब्के पाव काढून गाडीच्या बॉनेटवर बसली. तिच्या एका हाताला कप्तान, दुसऱ्या हाताला रोस्विता. पावाचे तीन तुकडे झाले. फायली मात्र कुणी उघडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी विब्केने मला खांबावरून उतरवले आणि ट्रकमध्ये उभे केले. तेव्हा प्रथमच मला पूल दिसला. दगडाच्या तीन कमानी, आणि मधल्या खांबाच्या पायाशी पुराने कोरलेली, माणूस बसू शकेल एवढी पोकळी. या म्हाताऱ्याने इतके ओझे वाहिले आणि ‘कसा आहेस?’ असे त्याला कुणी विचारले नाही. मी तर त्याच्या इतकी जवळ होते.

आता पुलाचे काम चालू आहे. मी विब्केच्या शेडमध्ये असते. तिने मला खिडकीकडे तोंड करून टांगले आहे आणि खिडकीतून पूल दिसतो. मित्रांनो, पाटी जरूर पुसा. पण पुसून झाली की चार पावले पुढे जा आणि पुलाखालीही वाकून पाहा.