पंगतीत वाचलेलं इतिवृत्त

भाषण करणाऱ्यांचं बरं असतं. बोलतात आणि मोकळे होतात. लिहून घेणाऱ्याला मात्र ते ऐकावंही लागतं आणि सांभाळावंही लागतं. मंदाकिनीबाईंनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत स्टेनो म्हणून हेच केलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि ते गुपचूप काढायचे, असं त्यांनी ठरवलंही होतं. पण ठरवून गप्प बसता आलं असतं, तर पुण्यातली निम्मी भांडणं झालीच नसती.

२००८ सालचा डिसेंबर. वाघोलीच्या पुढे माळावर मांडव घातला होता. तिथे गॅसवर चालणारं मोठं वीजकेंद्र यायचं होतं, देशाच्या कामाचं, आणि त्याआधी जनसुनावणी घेणं बंधनकारक होतं. नियम साधा होता. गावानं विचारायचं, कंपनीनं उत्तर द्यायचं, जे बोललं गेलं ते लिहायचं. लिहिलेलं शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि अध्यक्ष म्हणून आलेल्या साहेबांनी त्यावर त्याच दिवशी सही करायची. त्यालाच इतिवृत्त म्हणतात.

दोन तास बोलणारे बोलले. मग तुळजाबाई उठल्या. ओढ्याकाठी त्यांची मेथी-कोथिंबिरीची वीस गुंठे जमीन होती.

"तुमच्या कारखान्याचं गरम पानी कुठं सोडनार? आमच्या वढ्यात?"

कंपनीतर्फे उत्तरं द्यायला ऋषी नावाचा तरुण अधिकारी होता. कडक इस्त्री, हातात माइक. "नाही आजी. ओढ्यात एक थेंबही सोडणार नाही. ही आमची कमिटमेंट आहे."

टाळ्या पडल्या. मंदाकिनीबाईंनी शब्दन् शब्द वहीत उतरवला.

आभाराचं भाषण सुरू झालं तसं ऋषीनं साहेबांपुढे एक फाइल सरकवली. मंदाकिनीबाई शेजारीच होत्या, सहज नजर गेली. आत छापील इतिवृत्त, आजची तारीख घातलेलं! 'ग्रामस्थांनी प्रकल्पाचे स्वागत केले. कोणाचीही हरकत नाही.' लग्नाआधी बारसं उरकून ठेवलं होतं या लोकांनी.

"साहेब, यात ओढ्याचा मुद्दा नाही."

"घालू की नंतर."

"आणि वाचन?"

"अहो बाई, चारशे माणसं उपाशी बसलीत. जेवणं होऊ द्या, नंतर वाचू."

जेवणं झाल्यावर कोण काळं कुत्रं थांबतं ऐकायला? हे 'नंतर' मंदाकिनीबाईंच्या चांगल्याच ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सुनावणीत असंच 'नंतर' ठरलं, आणि मग कचेरीत सांगितलं गेलं तसं 'हरकत नाही' त्यांनी स्वतःच्या बोटांनी टाइप केलं. महिन्याभरानं तिथला एक शेतकरी त्या इतिवृत्ताची नक्कल घेऊन आला. "बाई, माझ्यासमोर तर तुम्ही लिहून घेत होता ना?" एवढंच म्हणाला आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती लाज बाईंच्या पोटात अजून तशीच होती.

त्यांनी शॉर्टहँडची वही उघडली, कोरे कागद घेतले आणि सगळी प्रश्नोत्तरं स्वच्छ मराठीत उतरवायला घेतली. आभार मानणारा गृहस्थ मांडववाल्यापर्यंत कुणालाच सोडायला तयार नव्हता. देवच पावला म्हणायचा. तीन पानं पुरी झाली.

आता जेवणाचं. ऋषीला बुफे हवा होता. पण जेवणाचं कंत्राट गावातल्या संभाजीकडे, आणि त्यानं साफ सांगितलं होतं, "उभ्यानं खायला गाव म्हंजे काय जनावरं हायेत व्हय?" म्हणून पंगती मांडल्या गेल्या. गावात मिसळल्याचा फोटो निघावा म्हणून साहेब आणि ऋषी पहिल्याच ओळीत पत्रावळीपुढे बसले. चुकले ते इथेच. उभा माणूस निसटतो, मांडी घातलेला कुठे जाणार?

वरण-भात, बटाट्याची भाजी, जिलबी, मठ्ठा, सगळं वाढून झालं. कुणी शिताला हात लावला नाही. त्या गावात गेनबांनी विठ्ठलाच्या नावाची आरोळी दिल्याशिवाय पंगत सुरू होत नसे. ऐंशीच्या घरातला तो म्हातारा, पांढरं पागोटं सावरत, मधोमध उभा होता.

मंदाकिनीबाई थेट त्यांच्यापाशी गेल्या.

"बाबा, आरोळी दहा मिनिटं थांबवाल? तुमच्याच गावाचं बोलणं वाचून दाखवायचंय. जेवणं झाली की कुणी थांबायचं नाही, आणि मग कागदावर काय येईल ते मी सांगू शकत नाही."

गेनबांनी त्यांच्याकडे पाहिलं, हातातल्या कागदांकडे पाहिलं. "वाचा. भूक काय पळून जात न्हाई."

एकतीस वर्षं त्या दुसऱ्यांचे शब्द लिहीत आल्या होत्या, चारशे माणसांपुढे तोंड कधी उघडलं नव्हतं. पहिली ओळ वाचताना आवाज फाटला. दुसरी बरी गेली. तिसरीपासून मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाऊ लागलं.

"मंदाकिनीबाई, हे काय चाललंय?" साहेब बसल्या जागेवरून म्हणाले.

"वाचन, साहेब. नियमात आहे." आणि त्या पुढे वाचत राहिल्या.

मुद्दा नऊ आला. तुळजाबाईंचा प्रश्न, कंपनीचं उत्तर. ऋषी ताडकन उठला.

"एक मिनिट मॅडम! मी ॲक्च्युअली 'प्रयत्न करू' असं म्हणालो होतो."

"एक थेंबबी न्हाई म्हनलास की रं!" बायकांच्या ओळीतून एकदम चाळीस आवाज आले.

तुळजाबाई तेवढ्या शांत होत्या. "लेकरा, खोटं बोलायचं तर निदान आमचं जेवन झाल्यावर तरी बोल."

सगळी पंगत हसली. ऋषी खाली बसला. शेवटची ओळ वाचून झाल्यावर मंदाकिनीबाईंनी पानं आणि पेन साहेबांपुढे धरलं.

"झालं ना वाचन? सही कचेरीत गेल्यावर करतो." असं म्हणत साहेबांचा हात सवयीनं भाताकडे गेला.

चारशे माणसं बघत होती. आरोळीच्या आधी घास घेणाऱ्या माणसाची गोष्ट पंचक्रोशीत पुढची दहा वर्षं चवीनं सांगितली जाते. साहेबही कुठल्यातरी गावचेच होते. हात मागे आला.

"सही ऱ्हायली का बाई?" गेनबांनी विचारलं.

"राहिली."

"मग आरोळीबी ऱ्हायली."

वरण गार होत चाललं होतं, जिलबीवर माश्या बसायला लागल्या होत्या. वाढपी हातात पातेली घेऊन होते तिथेच थांबले. साहेबांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. सगळीकडे मांड्या घातलेल्या, हात गुडघ्यांवर.

"आणा ते पेन," साहेब म्हणाले. मठ्ठ्याचा द्रोण बाजूला सारून त्यांनी सही केली.

"तिन्ही पानांवर, साहेब. आणि तारीख आजची."

तिन्ही पानांवर झाली. गेनबांनी मान वर केली आणि सगळा मांडव दणाणून सोडला, "बोला, पुंडलिक वरदेऽऽ!"

त्या गलक्यात साहेब हळूच म्हणाले, "सोमवारी मेमो मिळेल तुम्हाला. चार महिने राहिलेत, पेन्शनचा तरी विचार करायचा होता."

मंदाकिनीबाईंचं धायरीतलं घर त्या पेन्शनवरच चालायचं होतं. भीती वाटली, चांगलीच वाटली. पण कागद त्यांनी छातीशी धरले होते आणि ते खाली ठेवावेत असं काही वाटलं नाही.

"द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "फक्त मराठीत द्या. वाचून दाखवायला बरं पडतं."

बायकांच्या ओळीत तुळजाबाईंनी सरकून त्यांना जागा केली. पत्रावळ आली, भात आला. तुळजाबाई मात्र जेवत नव्हत्या, कागदांकडे बघत होत्या.

"त्यात माझं नाव हाय?"

"आहे की. मुद्दा नऊ."

"पुन्यांदा वाच."

भोवती जेवणाचा गलका चालला होता. मंदाकिनीबाईंनी हात पदराला पुसले आणि वाचलं, "प्रश्न, तुळजाबाई, राहणार येथील: गरम पाणी आमच्या ओढ्यात सोडणार का? उत्तर: ओढ्यात एक थेंबही सोडणार नाही."

"आन् खाली सायबाची सही?"

"ही बघा."

तुळजाबाईंनी सहीवरून बोट फिरवलं. शाई पुरती वाळली नव्हती, बोटाला थोडी लागली. ती त्यांनी पुसली नाही.

"जेव आता," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या पानातली जिलबी उचलून मंदाकिनीबाईंच्या पानात ठेवली.