डाळिंबाच्या खोडावर

पडवीच्या पत्र्याखाली तारेने टांगलेल्या ओंडक्यांपुढून यशोधरा दुसऱ्यांदा मोजत गेली. सत्तावीस ओंडके, त्यांवर बांधलेली सत्तावीस ऑर्किडं. मुळांची टोकं काळी पडलेली एकोणीस, खालची पानं गळलेली पाच, शेंड्यापर्यंत वाळलेली तीन. मागच्या भिंतीवर दादांनी आंब्याच्या सालीवर बांधलेली चार रोपं तेवढी धड होती. त्यांच्या मुळांची टोकं अजून पोपटी होती. तिने आकडे वहीत लिहिले, तारीख टाकली, आणि तेवढ्यात बांधापलीकडे फवारणीचा ब्लोअर सुरू झाला.

ट्रॅक्टरमागे फवाऱ्याचा पांढुरका लोट उठला आणि डाळिंबाच्या ओळींवरून घराच्या दिशेने सरकू लागला. वही तिथेच ठेवून ती बांधावर गेली. हात वर करून उभी राहिली. ट्रॅक्टरवरच्या आप्पासाहेबांनी, बागेच्या मालकाने, तिला पाहिलं, ओळ पूर्ण केली, मगच ब्लोअर बंद केला.

"काय म्हनतीस?"

"वारा आमच्याकडे आहे, आप्पा. तुमच्या औषधात तांबं आहे. ऑर्किडला तांबं सोसत नाही. माझी सत्तावीसच्या सत्तावीस झाडं मरायला लागली आहेत."

"झाडं कुटली? बांडगुळं हायत ती. आमी खरडून टाकतो, तुमी घरात पाळताय."

"बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं झाडाला धरून राहतं. हवेतली ओल घेऊन जगतं."

"मंग हवेवर जगतंय, हवेनंच मरतंय. त्याला मी काय करू?" स्वतःच्या बोलण्यावर ते हसले. पुन्हा चावीकडे हात नेता नेता म्हणाले, "तुमच्यातली पोरं चार बुकं शिकली की आदी कायदाच काढत्यात."

'तुमच्यातली' हा शब्द त्यांनी जोर न देता उच्चारला, रोजच्या वापरातली वस्तू उचलावी तसा. ब्लोअर सुरू झाला. यशोधरा लोट अंगावर येईपर्यंत तिथून हलली नाही.

तिचे दादा, म्हणजे वडील कोंडीराम, अठ्ठावीस वर्षं मिरजगावच्या रस्त्यावर मैलकुली होते. खड्डे बुजवणं, गवत काढणं, आणि दरवर्षी पावसाळा संपला की रस्त्याकडेच्या आंब्यांना चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढणं हे त्यांचं काम. त्यांच्या वाट्याला नऊ आंबे होते. त्यांच्या फांद्यांवर ही ऑर्किडं होती. बांडगूळ समजून ती काढून टाकायला साहेब सांगत. कोंडीराम हो म्हणत आणि वरच्या फांद्यांवरची राहू देत, कारण उन्हाळ्यात त्यांच्या फुलांना वास येई. गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला. नऊ आंबे चार दिवसांत आडवे झाले. करवतीच्या मागोमाग बापलेक पोती घेऊन फिरले, आणि एकतीस रोपं आणि थोडी आंब्याची साल घरी आली. त्या नऊ झाडांचं आता एवढंच शिल्लक होतं.

बांधायला लाकूड कुठलं घ्यायचं हे यशोधरेने ठरवलं होतं. तेल्या रोग पडला म्हणून आप्पासाहेबांनी एक जुनी बाग उपटली होती. खोडं जाळायला बांधावर पडली होती. डाळिंबाचं लाकूड घट्ट असतं, लवकर कुजत नाही, आणि साल खरबरीत असल्यामुळे मुळांना पकड मिळते. तिने विचारलं तेव्हा आप्पासाहेब "न्हे की" म्हणाले होते. खोडांवर लाल रंग होता. वडिलांच्या नखांतला गेरू बघत ती लहानाची मोठी झाली होती. तिने ओलं फडकं फिरवलं आणि काथ्याने एकेक रोप बांधून टाकलं. चार दादांनी मागून घेतली. आंब्यावरचं आंब्यावरच बरं, म्हणाले.

संध्याकाळी दूध डेअरीवर सात-आठ माणसं होती. आप्पासाहेब कॅन रिकामा करत होते. यशोधरा सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी तपासणी करणार आहे. तुमच्या फवाऱ्यातलं तांबं माझ्या झाडांवर निघालं, तर कृषी कार्यालयात अर्ज देणार."

"आन् न्हाई निगालं तर?"

"जे निघेल ते इथे येऊन वाचीन."

"समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं."

"लिहून घ्या रं कुनीतरी," रांगेतली गोजरबाई म्हणाली. "आप्पा उद्या इसारल्याला असंल."

माणसं हसली. आप्पासाहेबही हसले, आणि ते हसले याचाच तिला जास्त राग आला.

घरी आली तेव्हा कोंडीराम पडवीत स्टुलावर उभे होते. एक ओंडका त्यांनी बोटाने फिरवून धरला होता.

"यशू, हे बघ. हवेत लोंबनारी मुळं हिरवी हायत. लाकडाला टेकल्याली तेवढीच काळी."

"लाकडावर औषध साठून राहतं, दादा."

"आन् मागली चार?"

"ती आडोशाला आहेत. तिथे फवारा पोचत नाही."

"असंल," ते म्हणाले आणि ओंडका अलगद सोडला.

ती वहीत बघत राहिली. मागच्या चार रोपांची दिशा वेगळी होती आणि लाकूडही वेगळं होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या असताना दोष एकीवर टाकता येत नाही, हे तिने कॉलेजात तीन वर्षं लिहिलं होतं. तिने पान उलटलं.

कर्जतच्या ज्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, तिथे दुसऱ्या दिवशी तिने तीन बाटल्या मांडल्या. पहिलीत रोपांची पानं धुतलेलं पाणी. दुसरीत पडवीतल्या एका खोडाची साल, पाण्यात भिजवलेली. तिसरी बघून मशीनवर बसलेल्या स्नेहलने विचारलं,

"हे काय?"

"न वापरलेल्या खोडाची साल. ते घरी आणल्यापासून आतल्या खोलीत आहे, यंदाचा फवारा लागलेलाच नाही. त्यात काही आलं नाही की आप्पाला बोलायला जागा उरणार नाही."

साली रात्रभर भिजल्या. सकाळी आकडे आले. यशोधरेने ते वाचले, बाटल्या नीट धुतल्या नसतील म्हणाली, सगळं आम्लाने विसळून पुन्हा लावायला घेतलं. त्यासाठी आणखी एक दिवस गेला. आकडे जवळपास तेच आले.

स्नेहलने तिसऱ्या बाटलीतला सालीचा तुकडा चिमट्याने उचलून उजेडात धरला.

"डाळिंबाचं आहे ना? मग पेस्ट लावलेली असणार. आमच्या बागेत दरवर्षी लावतात. गेरू कालवतात, त्यात मोरचूद."

"गेरूत काही नसतं. नुसती माती असते."

"रस्त्याच्या झाडाला लावतात त्यात नसेल. डाळिंबाला नुसता गेरू कोण लावतं?"

यशोधरेने तुकडा हातात घेतला आणि नखाने लाल थर खरवडला. लालीखाली, सालीच्या भेगेत, फिकट निळसर भुकटी होती. मोरचूद म्हणजे तांबंच, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

स्नेहलने प्रिंट काढून तिच्यापुढे ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाली, "पडवीतल्या खोडाचा आकडा चांगला मोठा आहे. तेवढा एकच वाचलास तरी पुरेल. तिसरी बाटली कुणाला माहीत आहे?"

यशोधरेने प्रिंट घडी करून बॅगेत ठेवला. बाहेर जाऊन तिने घरी फोन लावला.

"दादा, पडवीतली सगळी सोडवा. आत्ताच. काथ्यासुद्धा परत वापरू नका. मुळं स्वच्छ पाण्यात दोनदा धुवा."

"आन् बांदायची कशाला?"

"आंब्याची साल आहे का अजून?"

"हाय की. पोतंभर हाय." मग म्हणाले, "तू ये सावकाश."

ती एसटीतून उतरली आणि घरी न जाता डेअरीवर गेली. माणसं तीच होती. आप्पासाहेब मोटारसायकलला टेकून उभे होते.

"काय मॅडम, फाशी का जन्मठेप?"

एकदोघं हसले. तिने बॅगेतून कागद काढला. राग जागच्या जागी होता. तो कमी होईल असं या कागदात काही नव्हतं. वाटलं असतं तर मधली एकच ओळ वाचून ती घरी जाऊ शकली असती.

"आप्पा, त्या दिवशी बांधावर तुम्ही 'तुमच्यातली पोरं' म्हणालात. ते मी सोडलेलं नाही. त्याचं मी बोलणार आहे, आणि इथेच बोलणार आहे. पण आधी हे."

आप्पासाहेब मोटारसायकलवरून सरळ झाले. गोजरबाईने कॅन खाली ठेवला.

यशोधरेने कागद दोन्ही हातांत धरला आणि मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"तांबं. पानं धुतलेलं पाणी, शून्य पूर्णांक शून्य तीन पीपीएम. पडवीत टांगलेलं खोड, अठ्ठावीस पूर्णांक चार. आतल्या खोलीत ठेवलेलं, फवारा न लागलेलं खोड, एकेचाळीस पूर्णांक दोन."